काळ्या रंगाला बंदी

झारेंबिन, रविवार, ८ नोव्हेंबर १८६३

चर्चमध्ये आज माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मी टेकले आणि शेजारच्या तिघी उठून मागे गेल्या. अख्खं चर्च काळं — बायका, पोरी, पाच-सहा वर्षांच्या चिमुरड्यासुद्धा — आणि मधोमध मी, चेरी रंगाच्या झग्यात! लग्नाला निघालेली बाई वाट चुकून मयताला आल्यासारखी.

रशियन सरकारनं काळ्या कपड्यांना बंदी घातलीय. आईबाप नाहीतर नवरा गेला असेल तरच काळं घालायचं, तेही परवाना काढून. पोलंडसाठी सुतक पाळलेलं त्यांना चालत नाही! पण ऐकतंय कोण. बायका दंड भरतात, काळं सोडत नाहीत. हुकूम पाळला तो मी एकटीनं. पहिल्याच दिवशी.

दारात सेवेरीना आडवी आली. शाळेपासूनची माझी मैत्रीण. भाऊ बंडात गेला म्हणून रडून रडून डोळ्यांच्या खाचा झाल्यात तिच्या. माझ्या पायांशी थुंकली. "शोभतोय गं रंग! गेरासिम पाव्लोविचला आवडला का?"

गेरासिम पाव्लोविच म्हणजे आमच्या घरात मुक्काम ठोकलेला रशियन कॅप्टन. मी आमंत्रण दिलं नव्हतं त्याला.

९ नोव्हेंबर

ही वही सापडली तर आम्ही सगळे फासावर. तरी लिहिते. नाहीतर छाती फुटेल माझी.

सेवेरीनाचा भाऊ मेलेला नाही. गुस्ताव माझ्या माळ्यावर आहे! सफरचंदांच्या खोलीत, पेंढ्यावर, मांडीत गोळी लागलेला. जंगलातल्या लढाईनंतर आमच्या अगातानं त्याला सरपणाच्या गाडीत लपवून आणला. अगाता आमची स्वयंपाकीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. दोन दिवसांनी कॅप्टन राहायला आला. वर बंडखोर, खाली रशियन, अंथरुणाला खिळलेले बाबा आणि मध्ये मी! काळं घातलं तर डोळ्यांवर येणार, झडती होणार. झडती झाली की संपलंच.

सेवेरीनाला सांगायची सोय नाही. अगातानं बजावलंय, "पोरी, तिचं तोंड म्हणजे आरसा. आज तिला कळलं तर उद्या गावाला कळेल." खरंच आहे. ती रडते म्हणून तर तो मेल्याचं सगळ्यांना पटलंय.

१४ नोव्हेंबर

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला काय शिकवलं? भरतकाम, फ्रेंच आणि मैत्रिणींच्या वह्यांत लिहायला कविता. रक्त बघणं मुलींना शोभत नाही! गुस्तावची जखम पहिल्यांदा उघडली तेव्हा मी सफरचंदांच्या टोपलीतच कोसळले. आता नुसत्या वासावरून सांगते, पू कालच्यापेक्षा जास्त आहे की कमी. आईचे लिननचे टेबलक्लॉथ उसवून उसवून धागे काढते, उकळते, जखमेत भरते. खळ राहिली तर टोचते — हे कुणी शिकवलं नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. डॉक्टरला कुठून आणणार? जखमींना औषध दिलं म्हणून त्याला केव्हाच उचलून नेलंय.

"तोसिया," गुस्ताव म्हणाला, "तुझी ती कविता होती ना, वीराच्या अंगावर जखमेचा गुलाब फुलतो म्हणून? बघ गं जरा. तुझ्या गुलाबाला आज वास येतोय."

हसू दाबायला मी ॲप्रन तोंडात कोंबला. मेला!

२२ नोव्हेंबर

अगातानं बाजारातून कवन आणलं. माझ्यावरचं!

ओली माती थडग्यांवरची, काळं ल्याल्या आया —
चेरी झगा घालून बसली ही चहा ओताया!

अशी आठ कडवी. सेवेरीनाचं काम. शाळेत आम्ही दोघी मिळून यमकं जुळवायचो, तिची धाटणी मी झोपेतही ओळखेन. "चहा ओताया"! लाज कशी वाटली नाही? तुझ्याच भावाचा पू काढून हे हात सोलवटलेत, बये! वाटलं, तडक जावं आणि थोबाडीत द्यावी. गेले नाही. कुठे जाणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

३ डिसेंबर

पोरं मला बघून कवन म्हणतात. चाल लावलीय त्याला. चाल चांगली आहे, त्याचाच जास्त संताप येतो.

८ डिसेंबर

आसपासच्या सगळ्या घरांची झडती झाली. सेवेरीनाकडे गाद्या फाडल्या म्हणे. शिपाई आमच्या फाटकाशी आले आणि कॅप्टननं त्यांना तिथूनच परत पाठवलं.

चहा घेताना स्वतःच सांगत होता. "तुमच्या बायकांनी तुमच्यावर गाणं रचलंय, बाई! मी शिपायांना म्हटलं, गावानं जिला वाळीत टाकलं तिच्या घरात बंडखोर मरायलासुद्धा यायचा नाही." स्वतःच हसला. मग माझा चेहरा बघून ओशाळला, लेकीची तसबीर काढून दाखवत बसला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

म्हणजे माझी बेअब्रू हेच गुस्तावच्या डोक्यावरचं छप्पर. आता ती पुसायचीही सोय नाही.

मी कॅप्टनचे आभार मानले! दुसरा कप ओतला!

२४ डिसेंबर

नाताळची पूर्वसंध्या. रीतीप्रमाणे टेबलक्लॉथखाली गवत, बीटचं सार, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान रिकामं. कॅप्टन आत आला. रिकामी खुर्ची दिसली, बसला. उठवणार कसं? त्याच्यासाठीच मांडली असं त्याला वाटलं. डोळे भरून आले त्याचे.

वर गुस्तावला सार नेऊन दिलं. दोन चमचे घेतले. अंग तापलंय.

६ जानेवारी १८६४

जखम पुन्हा बिघडली. कडा काळ्या पडल्यात. मी काय चुकले? धागे कमी उकळले? अगाता म्हणते, "तुझा दोष नाही, पोरी." मग कुणाचा?

तो कण्हला की मी खाली पियानो बडवते. बाबा पलंगावरून ओरडतात, "वर कोण आहे?" मी म्हणते, मांजर.

आज म्हणाला, "सेवेरीनाला एकदा बोलाव ना गं." पाच मिनिटांसाठी. एवढंच मागितलं.

मी नाही म्हटलं. ती आमच्या दारात दिसली असती तर गाव बघत राहिलं असतं, कॅप्टननं विचारलं असतं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि भिंतीकडे वळला.

१२ जानेवारी

गुस्ताव गेला.

दुपारी. कॅप्टनचे दोन मित्र आले होते, त्यांना नाच हवा होता, मी पियानोवर बसले होते. कितीतरी वेळ उठूच देईनात. वर गेले तर सगळं संपलेलं. चादरीचा बोळा तोंडात, दातांत घट्ट. आवाज खाली जाऊ नये म्हणून. तो बोळा काढताना मला बळ लावावं लागलं.

१३ जानेवारी

जमीन गोठलेली, बागेत खणता येत नाही. बटाट्यांच्या तळघरात पुरला. अगातानं आणि मी. वर बटाटे रचले. प्रार्थना हळू आवाजात म्हटली.

मला तो फार आवडत होता. त्याला सांगितलं नाही. इथे लिहिलं.

आज जन्मात पहिल्यांदा मला मनापासून काळं घालावंसं वाटलं. अगातानं चेरी झगा इस्त्री करून आणला, माझ्याकडे न बघता पलंगावर ठेवला. घातला. करते काय?

रविवार, १७ जानेवारी

चर्चच्या दारात ही गर्दी. सेवेरीनानं मला कोपरानं असं ढकललं की मी खांबावर आदळले. आणि तशीच अंगावर रेलून, ओठ न हलवता, माझ्या कानात म्हणाली, "शेवटी फार हाल झाले का गं त्याचे?"

तिला ठाऊक होतं! अगातानंच सांगितलं असणार, पहिल्याच आठवड्यात. कवन रचलं तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच तर रचलं!

मी मान हलवली. नाही.

क्षणभर माझी बाही तिच्या मुठीत होती. मग ती सोडून, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी ओरडली, "सरक बाजूला, चेरीबाई!"