टिल्लूचे मार्क वाढले होते

बाबा,

तुमचा फोन कारखान्यात लॉकरमध्ये असतो, म्हणून चिठ्ठी ठेवतेय. टिल्लू सकाळी मित्राकडे जातो म्हणून गेला. तो मित्रच आत्ता दारात येऊन टिल्लू कुठाय म्हणून विचारत होता. आई स्टेशनकडे गेलीय, मी पुलाकडे निघालेय. भात कुकरमध्ये आहे.

काल निकाल बघून तुम्ही म्हणालात, गेल्या वर्षी एक्क्याण्णव, यंदा अठ्ठ्याऐंशी, वर्षभर झोपा काढल्यास का? बाबा, ते मार्क नाहीत, पर्सेंटाइल आहे. परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले किती जण आपल्या मागे राहिले, एवढंच ते सांगतं. त्याचे मार्क गेल्या वर्षीपेक्षा चांगले बावीसने वाढलेत. बाकीच्यांचे त्याहून वाढले, म्हणून आकडा खाली आला. तो हेच सांगत होता, तर तुम्ही म्हणालात, तोंड वर करून बोलू नकोस. मी मध्ये पडले तर मलाही गप्प केलंत.

आमच्या आधी तो घरी आला तर आकड्याचा विषय काढू नका. आपलं चुकलं, एवढं मात्र त्याला म्हणा. कसंही करून म्हणा.

आणि त्याला फोन लावत बसू नका. जन्मात कधी अंथरुणाची घडी न घालणाऱ्या पोराने आज घडी घातलीय, आणि फोन तिच्यावर ठेवून गेलाय.