ओट्यावरचा तांब्या

१२ एप्रिल
किन्हवलीहून जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईंची कोंबडी बसली आणि उतरताना तिने असं पाहिलं की अडचण माझीच झाली असावी. मानवी हक्कांच्या कुठल्याही जाहीरनाम्यात या अन्यायाला जागा नाही, हे खेदाने नमूद करतो. बाकी शेणव्याजवळचं हे घर झकास. मालक पंढरी. त्याला माझ्याकडून आज्यावर पुस्तक लिहून हवंय: दुसऱ्या महायुद्धात लखमा नावाच्या शिपायाने नि:शस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला, पलटणीतून पळाला, आणि आज्याने बेलभंडारा उचलून, शपथ घेऊन त्याला आसरा दिला. विनोदी लेखकाला पुण्यवान आजे पचत नाहीत, पण इथले आंबे पचतात. घसा कोरडा होता. ओट्यावर खांबाशी भरलेला तांब्या दिसला, रिकामा केला.

१४ एप्रिल
शेजारच्या बुधीआजीने कपाळावर हात मारला. "त्यो तांब्या लखमाचा व्हता रे! पिलास त्यो फेड आता." तिचं म्हणणं, आज्याने शपथ मोडली. फरारी शिपाई पकडून दिला की सरकार बंदुकीचा परवाना देईल, म्हणून लखमाला याच खांबाला भर उन्हात बांधलं; पोलीस येण्याआधीच तो पाणी मागत मेला. तेव्हापासून रोज दुपारी त्याचा तांब्या.
पंढरी हसला. म्हातारीला ऊन लागलंय म्हणे. "पुस्तकात आसरा दिलाय ना? मंग पानी कशाला?" आजपासून तांब्या ठेवणं बंद.

१५ एप्रिल
"आज्याने आसरा दिला" हे वाक्य लिहिलं आणि जीभ टाळूला चिकटली. कळशीभर पाणी प्यायलो. तहान तशीच. भर दुपारी खांबावर दोर घासल्याचा आवाज. ओट्यावर कोणी नाही.

१७ एप्रिल
पंढरीच्या मनगटांवर वळ. भारे बांधताना उठले म्हणतो. ओठ फुटलेत. भरलेलं भांडं तोंडाला लावतो— पाणी आतच राहतं, घशात थेंब नाही. मी दात काढले. मग माझंही भांडं तसंच—

१८ एप्रिल
दुपार. पंढरी खांबाला पाठ लावून. दोर नाही, तरी हात मागे, सुटत नाहीत. "खरं लिवा सायेब, काय पन लिवा, पन पानी—"
पुस्तकाचं आधीचं पान फाडलं. खरं लिहिलं. तोंडात ओल आली.
विहिरीवरून तांब्या भरून आणला. खांबापलीकडे कुणीतरी— ओल्या खाकीचा वास— पंढरी तोंड उघडून माझ्याकडे बघतोय.
मी ज्याचं प्यायलो, त्याच्या बाजूला तांब्या टेकवला.
पाणी हळूहळू उतरतंय. पंढरी आता ओरडत नाही, नुसता ओठ—
विहीर समोरच आहे. दुसरा तांब्या आणता येईल. मी अजून उठलेलो ना—