कवीच्या समाधीपासून बारा पावलं

डम्फ्रीज,
१६ नोव्हेंबर १९५८

चि. वॉटीस,
एल्स्पेथताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. तू हॅमिल्टनच्या काव्यमंडळाचा अध्यक्ष झालास आणि कवीच्या दोनशेव्या जन्मदिनी तीस माणसं घेऊन थेट कॅनडाहून त्याच्या समाधीवर फुलं वाहायला येतोस, हे वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. याच कवीची कविता पाठ होईना म्हणून शाळेत तू छड्या खाल्ल्या होत्यास, हे मंडळाला ठाऊक आहे का? मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुझ्या थेल्माला लिहीन.

चौतीस वर्षांनी येतोस. तुझी खोली झाडली, गादी शेगडीपाशी ठेवून कोरडी केली. मार्चमध्ये आई गेल्यापासून या घरात बोलायला घड्याळ तेवढं आहे, आणि तेही अधूनमधून बंद पडतं. तू माझा फोटो मागितलास. या वयात फोटो काढून घ्यायला मी काय लग्नाची मुलगी आहे? आलास की समोरच बघ.

एकच मागणं आहे. आईची शवपेटी कबरीत खाली सोडताना डोक्याकडची पहिली दोरी मुलाने धरायची. तू नव्हतास म्हणून शेजारच्या कूपलंड सुताराने ती धरली. आम्ही बायका चालीप्रमाणे घरी चहा करत बसलो. म्हणजे त्या वेळी तिच्या पोटचं एकही माणूस तिथे नव्हतं रे. तेव्हापासून मी एकटी जाऊन येते, पण ते जाणं खरं वाटत नाही. तिचा दगड कवीच्या समाधीपासून बारा पावलांवर आहे. तुमची फुलं वाहून झाली की तेवढी बारा पावलं माझ्याबरोबर चाल. मग घरी जेवायला ये. बार्लीचा रस्सा करते, आणि फडक्यात बांधून उकडलेला मनुकांचा गोड गोळाही.

थेल्माला माझी आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
एल्स्पेथ


हॅमिल्टन, कॅनडा
८ डिसेंबर १९५८

ती. एल्स्पेथताईस,
सा. न. वि. वि.

गोड गोळ्याचं वाचूनच माझं वजन वाढलं. थेल्माचे गुडघे धरलेत, तेव्हा ती येत नाही. छड्यांचं तिला आधीच कळलंय, कारण पत्र माझ्याआधी तीच फोडते.

आमचा कार्यक्रम भरगच्च आहे. पंचवीस जानेवारीला सकाळी अकराला समाधी, माझं बारा मिनिटांचं भाषण, मग नगरपालिकेचं जेवण. चारला आमची मोटर पुढे एअर गावाला निघेल. त्यामुळे राहणं जमणार नाही, पण मधले दोन तास तुझेच. आईकडे आधी जाऊ. ते काय सांगायला हवं?

गर्दीत मी सापडावा म्हणून सांगतो : पूर्ण टक्कल, घोळदार किल्ट आणि छातीवर बशीएवढा बिल्ला. तुला मात्र मी डोळे मिटून ओळखीन.

लोभ आहे तसाच ठेव आणि रश्शात मीठ बेताचं घाल.

तुझा,
वॉटी


डम्फ्रीज,
२८ जानेवारी १९५९

चि. वॉटीस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं जेवण होतं त्या हॉटेलच्या माणसाने तुझी चिठ्ठी आणून दिली. डोंगरात बर्फ पडणार म्हणून मोटर लवकर सोडावी लागली, हे कळलं. तीस माणसं तुझ्या जिवावर आलेली, तू तरी काय करणार? राग आला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आला. टेबलावर दोन ताटं मांडून मी खिडकीशी बसले होते.

तुझं भाषण ऐकलं. गर्दी फार होती. किल्ट तुला शोभतो. गोड गोळ्यातला निम्मा कूपलंडकडे दिला, उरलेला अजून खाते आहे.

पोचल्याचं कळव. इथलं सगळं ठीक.

तुझी ताई,
एल्स्पेथ


हॅमिल्टन,
२ मार्च १९५९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू हे कळेना, म्हणून महिना गेला. नगरपालिकेच्या जेवणात भाषणं संपता संपेनात आणि अचानक ड्रायव्हर घाई करायला लागला. आईकडे गेलो नाही हे मनाला खातंय. पुढे कधीतरी नक्की येईन.

सोबत समाधीपाशी काढलेला आम्हा सगळ्यांचा फोटो पाठवतोय. मंडळाच्या भिंतीवर लावायचा आहे आणि प्रत एकच आहे, तेव्हा बघून परत पाठव. डाव्या कडेला करड्या टोपीतली एक बाई अर्धी आली आहे. समाधीच्या कठड्याला लागून उभी होती, अगदी चित्राच्या मधोमध, म्हणून तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. बिचारी मुकाट्याने सरकली. थेल्माचं म्हणणं, तिची हनुवटी आपल्या आईसारखी आहे. आईच्या माहेरचं कुणी आहे का गं तिथे? ओळख पटली तर कळव.

माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझा,
वॉटी


डम्फ्रीज,
११ मार्च १९५९

चि. वॉटीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. ती बाई म्हणजे मी.

दहा वाजल्यापासून कठड्याशी उभी होते, तुझ्या नजरेस पडावी म्हणून. तू सरळ माझ्याकडे आलास. मला वाटलं, आता हाक मारशील. तू टोपीला हात लावून, बाई, एवढं जरा बाजूला व्हाल का, असं फार आर्जवाने विचारलंस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी मुद्दाम गप्प राहिले. तूच ओळखावंस असं वाटत होतं, आणि ते वाटणं मला सोडवेना. भाषण संपल्यावरही थांबले. तू मोटरीत बसून जेवणाला गेलास.

मग मी आईपाशी जाऊन उभी राहिले. वॉटी आला होता, छान बोलला, एवढंच तिला सांगितलं. बाकीचं तिला सांगवेना.

थेल्माचे डोळे चांगले आहेत, तिला तसं सांग. तू पुन्हा येशील तेव्हा मी कठड्याशी उभी राहणार नाही, स्टेशनावर येऊन तुला नावाने हाक मारीन.

फोटो मात्र परत पाठवत नाही. मंडळाला काय सांगायचं ते सांग. आपण दोघं मोठी झाल्यावरचा एकत्र असा हा एकच आहे.

तुझी ताई,
एल्स्पेथ