दोरीने बांधलेला कठडा

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आईचा खोकला उतरलाय, जेवण जातंय. तुझ्या पुरस्काराची बातमी आठवडाभर सगळ्या शेजाऱ्यांना ऐकवून झाली. फोनच करणार होते, पण हल्ली फोनवरही तू मॅडमच असतेस. म्हणून हे पत्र संध्याकाळी तुझ्या दारातून आत सरकवून जाईन.

'उत्कृष्ट प्रशासक'! का, तर वर्षभरात शाळेत एकही तक्रार नाही. येईल कशी? तक्रारपेटी तुझ्या केबिनच्या दाराशी आणि आत तू. कोणी तोंड उघडलं की तुझं ठरलेलं, "अडचण नको, उपाय घेऊन या." मग आम्ही उपायच करत बसलो. जिन्याचा कठडा हलायला लागला, तर गणिताच्या सरांनी तो दोरीने बांधला. पाहुणे येणार म्हटल्यावर तू मला, म्हणजे चित्रकलेच्या बाईला, त्या दोरीवर कागदी फुलं लावायला सांगितलंस. वर म्हणालीस, "वा, किती छान दिसतंय!"

मंगळवारी कठडा सुटला आणि सहावीतली ती बडबडी पोर खाली आली. उजवा हात मोडलाय. काल भेटून आले. एक अक्षर बोलली नाही.

आणि तू नोटीस कोणाला दिलीस? शिपाईकाकांना! जिन्याची देखभाल म्हणे त्यांच्याकडे. चहा ठेवून मागल्या पावली परतायचं, हे तूच शिकवलंस ना त्यांना? मग त्या माणसाने बोलायचं कधी? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. निवृत्तीला आलेल्या माणसाची नोकरी घालवताना तुला काहीच वाटलं नाही?

चौकशी समितीला तू लिहून दिलंस, "कार्यालयात मला कोणीही कळवलं नव्हतं." शब्द न् शब्द खरा आहे.

आईच्या वाढदिवसाला आम्ही तुझ्याकडे जेवायला आलो होतो. भांडी विसळताना मी म्हणाले होते, "ताई, तो कठडा बघ गं, पोरं पडतील." तू हात पुसत म्हणालीस, "घरात शाळा नको हं." मीही गप्प बसले. आई तिथेच ओट्याला टेकून उभी होती.

उद्या समितीने मला बोलावलंय. तुला कोणी सांगितलं होतं का, हे विचारतील. मी सांगणार आहे.

आज सकाळी आईला हे बोलले. तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मलाही घेऊन चल. मीही ऐकलंय."

आम्ही दोघी येतोय, ताई.

तुझीच,
धाकटी