कुलपातला पेचकस

१० जून, सोमवार
आजपासून मी तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीचा शिक्षक. सातवीला आठवड्यातून दोन तास. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्टाफरूममध्ये विचारलं, हा नवा विषय कोण घेईल? सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मी भूगोलाचा, तरी हात वर केला. गेल्या वर्षी स्टाफरूमचा बंद पंखा मीच चालू केला होता. (बटण बंद होतं. पण लक्षात कोणाच्या आलं?)

अट एकच. ऑगस्टमध्ये तपासनीस येणार. मुलांनी स्वतःच्या हातांनी काही करून दाखवलं नाही, तर दोन्ही तास गणिताला जाणार. विषय टिकला तर मी विभागप्रमुख, दारावर पाटी. पाटीवरचा मजकूर मधल्या सुट्टीत लिहून ठेवला.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, छान, मग आता स्वयंपाकघरातला नळ बघा, चार महिने ठिबकतोय.

रविवारी नक्की.

१३ जून, गुरुवार
हत्यारं आली! पेचकस (म्हणजे स्क्रू ड्रायव्हर), पकडी, हातोड्या, छोट्या मोटारी. काय चकाकतायत! मुलांच्या हाती दिली तर आठवड्यात वाट लागेल. शाळेच्या सामानाच्या, म्हणजे डेडस्टॉकच्या, वहीत नोंद केली, लाकडी कपाटात रचून ठेवली, कुलूप लावलं.

२० जून, गुरुवार
पहिला धडा: पेचकस. फळ्यावर आकृती, भागांना नावं, सहा उपयोग. शिवाय स्वतः रंगवलेला तक्ता भिंतीला खिळा ठोकून टांगला. (खिळा शिपायाने ठोकला. मी जागा दाखवली.)

एक मुलगी आहे, तिला मी मनात प्रश्नपत्रिका म्हणतो. म्हणते, सर, खरा पेचकस कपाटात आहे ना, मग चित्र कशाला? सांगितलं, आधी पाया पक्का. तिच्या आकृतीखाली लाल शाईने लिहिलं: प्रयत्न चांगला. पुन्हा करा.

६ जुलै, शनिवार
पालकसभा. प्रश्नपत्रिकेची आई आली होती. लिफ्ट दुरुस्त करते. सवय कुठून आली ते कळलं. विचारते, पोरं हत्यारं हातात कधी धरणार? मी वीस मिनिटं पाया समजावला. ती म्हणाली, मी तर धरूनच शिकले, हवं तर आठवड्याला एक तास येते. नम्रपणे नको म्हटलं. बाहेरच्यांना अध्यापनातलं काय कळणार?

जाता जाता कपाटाचं कुलूप हलवून म्हणाली, गंजलंय, तेल घाला.

सोमवारी घालणार.

२१ जुलै, रविवार
नळ पाहिला. समोर स्टूल टाकून अर्धा तास नीट पाहिला. थिअरी पूर्ण स्पष्ट आहे. तूर्त खाली मोठी बादली ठेवली. हेही एक सोल्यूशनच. बायकोने बादली जरा सरकवून नीट ठेवली, म्हणजे पटलं असावं.

२९ जुलै, सोमवार
तयारी जोरात. पेचकसाचे सहा उपयोग सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. अंगावर काटा येतो! तपासणीच्या दिवशी कपाट उघडून एकेकाच्या हातात एकेक हत्यार द्यायचं, दोन मिनिटं. मग परत आत.

तेल राहिलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ९
नवा शर्ट. किल्ली खिशात. पाटीवाल्याचा नंबरही खिशात.

२ ऑगस्ट, दुपारी ४
सहा उपयोग झाले. तपासनीस बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, कपाट उघडा. किल्ली घातली, फिरवली, अर्धी हातात आली. अर्धी आत. गणिताचे सर दारातून डोकावून गेले.

प्रश्नपत्रिका उठली. विचारलंसुद्धा नाही. माझा तक्ता उतरवला, भिंतीतला खिळा हलवून हलवून काढला. कपाटाच्या बिजागऱ्यांच्या खिळींना खालून तो लावला आणि वरून डस्टरची लाकडी बाजू हाणली. दोघींनी दार धरलं, तिघे सूचना देत होते, सगळे एकदम बोलत होते. सात मिनिटांत अख्खं दार कुलपासकट बाजूला! वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने.

तपासनीस बाई म्हणाल्या, हेच पाहायचं होतं. विषय राहिला!

४ ऑगस्ट, रविवार
शांतपणे विचार केला. मी हत्यारं कुलपात ठेवली नसती, तर ती मुलगी हे शिकली असती का? आणि खिळा कोणाच्या तक्त्याचा? पाटीवाल्याला फोन केला.

८ ऑगस्ट, गुरुवार
अहवाल आला. विषय चालू ठेवावा. कपाटाला दार लावू नये. प्रात्यक्षिकांसाठी लिफ्टवाल्या पालक बाईंना बोलवावं. आणि शेवटची ओळ: विषयशिक्षकांनीही वर्गात बसावं.

माझा बाक शेवटचा. हजेरी क्रमांक एक्केचाळीस. पाटीवाल्याला सांगितलं, थांबा.

१९ ऑगस्ट, सोमवार
लिफ्टवाल्या बाईंनी दिलेला गृहपाठ होता: घरातली एक वस्तू दुरुस्त करा. काल, रविवारी, नळ खोलला. आयुष्यात पहिल्यांदा. वायसर बदलला, बोट सोललं, मजा आली. ठिबकणं पूर्ण बंद. बायको कौतुकाने बघत राहिली. मग तिने नळ फिरवला. पाणीही पूर्ण बंद.

प्रामाणिकपणे सगळं वहीत लिहिलं. आमच्या गटाच्या वह्या प्रश्नपत्रिका तपासते. आज माझी परत मिळाली. खाली लाल शाईने, सुवाच्य अक्षरात:

प्रयत्न चांगला. पुन्हा करा.