जमादारांनी वाचलेली कादंबरी

तळेगाव दाभाडे, १४ नोव्हेंबर १९५६

निवृत्त जमादार रामभाऊ आज माझी कादंबरी परत द्यायला आले. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. शरमेनं झाकलं असेल? लाच घेऊन गप्प बसलेला, झोप उडालेला माझ्या कादंबरीतला इन्स्पेक्टर म्हणजे तेच. त्यांनी विश्वासानं सांगितलेलं मी न विचारता लिहिलं. का लिहिलं?

"वहिनी, पंचनाम्याला दोन पंच लागत्यात. तुमी एकच लिवलाय."

"आणि बाकीचं?"

"तुमचा सायब शेवटी कोर्टात खरं बोलतो. मला न्हाई जमलं."

कव्हर म्हणे मळू नये म्हणून घातलंय. मी चहा ओतला.

पुस्तक मात्र त्यांनी हातातून खाली ठेवलं नाही. "मंडळीला आजवर सांगितलं न्हाई. हेच वाचून दाखवावं म्हणतो. आणखी दोन दिस ऱ्हाऊ द्या?"

ठेवूनच घ्या, म्हटलं.