गुरुवारी बंद पडणारी गाडी

रविवार, २ फेब्रुवारी

खापर माझ्याच डोक्यावर! गुरुवारी हे कारखान्यावरून रात्री आठला आले. सुट्टी पाचलाच होते. गाडी वाटेत बंद पडली म्हणे. आज मी धुवायला पाइप ओढला तर लगेच — "जोरानं पाणी मारतीस, वायरिंगमधी जातंय. दर गुरुवारी ढकलत आणतोय मी."

लग्न झाल्यापासून ह्यांची गाडी मीच धुते. आधी सायकल, मग मोपेड, आता ही मोटारसायकल. कधी काही झालं नाही. पाइप गुंडाळून ठेवला, फडक्यानं पुसून काढली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दळण टाकलं आणि तसंच बिरदेवच्या गॅरेजवर गेले. विचारलं, बाबा, गाडी धुवायची कशी ते एकदा नीट सांग. हसला नाही बिचारा. पान्हा खाली ठेवून सांगितलं.

"इंजिन गार होऊ द्या, काकी. चावी बंद. हँडलवर बटणं हाईत न्हवं, त्यास्नी प्लास्टिकची पिशवी बांधा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं. सीटखाली, बॅटरीपाशी आन् दिव्याच्या मागं पाइप धरायचा न्हाई, तितं नुसतं पुसायचं. मग सीट काढून उन्हात लावा. वाळल्याबिगर चावी फिरवू नका."

"आणि गेलंच पाणी तर?"

"तवाच कळतंय की. हॉर्न आपला आपण वाजंल, न्हाईतर बटण दाबून गाडी चालू हुणार न्हाई. रविवारी गेलेलं पाणी गुरवारपत्तुर कुठं दम धरतंय?"

दळण घेऊन घरी आले तरी शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

रविवार, ९ फेब्रुवारी

बिरदेवनं सांगितलं तसं सगळं केलं. दुधाच्या पिशव्या कापून बटणांना बांधल्या, वरून रबर. तांब्यानं पाणी घातलं, पाइपाला हातच लावला नाही. ह्यांना सीट काढून द्या म्हटलं. "एवढं काय त्यात," म्हणाले, पण दिली काढून. गाडी अंगणात उन्हात ठेवली. शेजारी माझी कुरडईची पाटी.

दुपारी पहिल्या झटक्यात चालू झाली. दिवा, हॉर्न, इंडिकेटर — एकेक ह्यांनाच लावून बघायला लावलं. सगळं ठीक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बंद पडली म्हणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज धुतलीच नाही. शिवले पण नाही. का धुतली नाहीस, हे ह्यांनी विचारलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परत उशीर. परत तेच — "पाणी गेलं असंल." कुठलं पाणी? गाडीवर धूळ बोटभर आहे.

जेवायला वाढलं. एकच भाकरी खाल्ली, तीही अर्धी सोडली. पोट भरलेल्या माणसाचं जेवण कळतं. आणि गाडी ढकलत आणलेला माणूस घामेजलेला नसतो का? शर्टाची घडी मोडली नव्हती.

काय काय मनात आलं ते इथंही लिहवत नाही. ह्या वयात माणसं काय करतात ते गावात बघितलंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे सोसायटीच्या मीटिंगला चालत गेले. बिरदेवला घरी बोलावलं. त्यानं बाजूची झाकणं उघडली, बॅटरी बघितली, वायरी हलवून बघितल्या. कुठं ओल नाही, कुठं गंज नाही.

"लालासाहेब काकांनी ही गाडी ढकलली? काकी, हिच्यावर कोल्हापूरला जाऊन या, कुठं थांबायची न्हाई."

चहा घेऊन गेला. काय ते त्याच्याही लक्षात आलं असावं. चहा पिताना माझ्याकडं बघितलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज धुवायला घेतली. पिशव्या बांधल्या, फडकं कोंबलं. टाकी पुसायला गेले आणि हात थांबला. पुढच्या बाजूला, हँडलजवळ, धुळीत लहान हात उमटलेले. दोन्ही. बोटं फाकलेली, बिस्किटाचा चिकटा. पोराला पुढं टाकीवर बसवलं की ते तिथंच धरतं. आमच्या शिवांजलीला हे सायकलवर असंच पुढं बसवून ओढ्यापर्यंत न्यायचे.

शिवांजलीचं नाव किती दिवसांनी लिहिलं! एकुलती एक. नर्सिंगला गेली, तिथंच प्रबुद्धशी लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीचा. पण आमच्या जातीतला नाही. भावकी दारात जमली होती. तेव्हा हे सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तिच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." चार वर्षं झाली. तिचे फोन यायचे. मी घेतले नाहीत. मग यायचे बंद झाले. मुलगी झाल्याचं माहेरच्या माणसांकडून कळलं, तेवढंच.

तेवढी जागा सोडून बाकी गाडी धुतली. उन्हात लावली. घरात गेले आणि सरळ विचारलं.

"टाकीवर हात कुणाचे?"

ह्यांनी चपला घातल्या. परत काढल्या.

"मैत्रीचे."

"कोण मैत्री?"

"शिवांजलीची. दोन वर्सांची हाय."

मग खाली बसून सांगितलं. दिवाळीनंतर चुलतभावाला बघायला मिरजेच्या दवाखान्यात गेले होते, तिथं ती ड्युटीवर. ओळख न दाखवता पुढं गेली. थोडं पुढं जाऊन परत फिरली. "पाणी आणू का, आप्पा?" म्हणाली. तेव्हापासून दर गुरुवारी कारखाना सुटला की हे मिरजेला. तिथंच जेवण. पोरीला गाडीवर एक फेरी.

"आणि मी?"

"तुला नेलं असतं तर बोभाटा झाला असता. चारचौघांत बोलून बसलोय मी."

मी पिठाची परात पुढं ओढली. तेव्हा म्हणाले, "येत्या गुरवारी तुला नेतो. अंधार पडल्यावर निघू. कुणाला काय सांगायचं न्हाई."

मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकली. मग म्हटलं, "शपथ मला घातलीत आणि मोडलीत तुम्ही. मी पाळली. तुम्हाला काही होऊ नये म्हणून पाळली. आणि वर म्हणे गाडीत पाणी गेलं."

ह्यांचे डोळे भरले होते. मी भाकरी उलटली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ह्यांच्याकडं पत्ता मागितला, दिला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी — मिरज

गुरुवारची वाट बघितली नाही. अंधाराचीही नाही. सकाळच्या एसटीला स्टँडवर गेले. हे मागून गाडीवर आले, पलीकडं थांबले. बाया भरपूर होत्या, थोरल्या जाऊबाईही. "कुठं निघालीस गं मुक्ता?" सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — "मिरजेला. शिवांजलीकडं. नात बघायला."

जाऊबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. "खरं का वो, भावजी?"

हे गाडीवरून उतरले. माझी पिशवी हातात घेतली. म्हणाले, "व्हय."

दार प्रबुद्धनं उघडलं. आता मैत्री माझ्या मांडीवर झोपली आहे. शिवांजली अजून ड्युटीवर. तिला कुणी सांगितलेलं नाही.